वाडीपासून दुकानापर्यंत : सिंधुदुर्गातील अन्नधान्याच्या पोचीचा अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माड, पोफळी, आंबा, फणस आणि काजू यांनी हा मुलूख बारमाही हिरवा दिसतो. अशा जिल्ह्याच्या संदर्भात ‘अन्नाचे वाळवंट’ हा शब्दप्रयोग कोणी केला, तर ऐकणाऱ्यास तो विपरीत वाटेल. तथापि वाळवंट म्हणजे केवळ पाण्याचा अभाव नव्हे. ज्या ठिकाणी आवश्यक वस्तू मिळविण्यासाठी माणसास फार दूर जावे लागते, तेथे त्या वस्तूपुरते वाळवंटच असते. मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या वाडीत मासळी व नारळ दारात असतात. पण डाळ, तेल, दूध, पालेभाजी व शिधावाटपाचे धान्य यांसाठी डोंगर उतरावा लागतो किंवा खाडी ओलांडावी लागते. या अंतराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विकासाच्या कामाशी संबंधित प्रत्येकाने विचारात घेण्यासारखा आहे.

संकल्पनेचा उगम आणि तिच्या मर्यादा

अन्नाचे वाळवंट ही संज्ञा १९९० नंतरच्या काळात ब्रिटनमध्ये, प्रथम स्कॉटलंडच्या संदर्भात, रूढ झाली. शहरांबाहेर मोठमोठी दुकाने उघडली, त्यांच्या स्पर्धेत वस्तीतील लहान दुकाने बंद पडली आणि ज्यांच्याजवळ मोटार नव्हती अशा गरीब कुटुंबांना ताजे अन्न मिळणे कठीण झाले, असे तेथील निरीक्षण होते. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी एक मोजमाप ठरविले. शहरी भागात एक मैलाहून आणि ग्रामीण भागात दहा मैलांहून अधिक अंतरावर मोठे किराणा दुकान असेल आणि वस्ती अल्प उत्पन्नाची असेल, तर तो भाग या सदरात मोडतो.

हे मोजमाप आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाही. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. मोटारीने जाणाऱ्यास हे अंतर अर्ध्या तासाचे आहे, तर डोक्यावर ओझे घेऊन पाणंदीने चालणाऱ्यास ते जवळजवळ अशक्य आहे. म्हणून आपल्या परिस्थितीत अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा वेळ, खर्च, ओझे आणि ऋतू या चार परिमाणांत मोजणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरीही एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका विस्तृत अभ्यासात असे दिसून आले की, गरीब व श्रीमंत कुटुंबांच्या आहारातील पोषणाची जी तफावत आहे, तिचा सुमारे दहावा हिस्साच वस्तूंच्या उपलब्धतेमुळे व किमतींमुळे निर्माण होतो. उर्वरित भाग मागणीतील फरकाचा असतो. केवळ दुकान उघडले म्हणजे ताट बदलते असे नव्हे, हा या अभ्यासाचा धडा आहे. मात्र तो देश घरोघरी मोटार असणारा आहे, हेही विसरता कामा नये. जेथे माणूस पायी चालतो, तेथे दुकानाच्या अंतराचे महत्त्व निश्चितच अधिक राहील.

बंदराकडून महामार्गाकडे

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, देवगड, कणकवली, वैभववाडी आणि दोडामार्ग असे आज या जिल्ह्याचे आठ तालुके आहेत. या प्रदेशाचा व्यापार शतकानुशतके समुद्रमार्गे चालत असे. विजयदुर्ग, देवगड, मालवण व वेंगुर्ला या बंदरांत माल उतरे आणि तेथून तो खाड्यांच्या वाटेने होड्यांतून व पुढे बैलगाड्यांतून आत जाई. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांनी वखार घातली होती, यावरून या बंदराच्या महत्त्वाची कल्पना येते. साहजिकच बाजारपेठा बंदरांलगत वसल्या. मालवणची जुनी पेठही बंदराला लागूनच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. किनारी आगबोटी बंद झाल्या. मुंबई-गोवा महामार्ग हा मालवाहतुकीचा मुख्य मार्ग बनला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. महामार्ग व रेल्वे दोन्ही किनाऱ्यापासून आत, कणकवली, कुडाळ व सावंतवाडीच्या बाजूने जातात. परिणामी घाऊक व्यापाराचे केंद्र किनाऱ्यावरून आत सरकले. पूर्वी माल प्रथम मालवणात येई आणि मग आतल्या गावांत जाई. आता तो प्रथम कुडाळ-कणकवलीस येतो आणि मग किनाऱ्याकडे जातो. जी गावे व्यापाराच्या तोंडाशी होती, ती त्याच्या शेपटाशी गेली.

भाजीपाल्याची वाट तर याहून लांब आहे. जिल्ह्यातील बाजारांत विकली जाणारी बरीचशी भाजी बेळगाव व कोल्हापूरकडून घाट उतरून येते. आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा हे घाट म्हणजे या जिल्ह्याच्या स्वयंपाकघराची दारेच होत. पावसाळ्यात दरड कोसळली की दार बंद होते. जानेवारी २०२४ पासून करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद ठेवण्यात आला, तेव्हा वाहतूक भुईबावडा व फोंडा घाटांकडे वळवावी लागली. असा वळसा पडला की भाडे वाढते, माल उशिरा पोचतो आणि त्याचा भार शेवटी वाडीतील ग्राहकावर पडतो.

गाव एक, वाड्या अनेक

देशावरील गाव बहुधा एका गावठाणात एकवटलेले असते. देऊळ, चावडी, शाळा व दुकान हाकेच्या अंतरावर असतात. कोकणातील गाव मात्र वाड्यांमध्ये विखुरलेले असते. एक वाडी खाडीकाठी, दुसरी डोंगराच्या कुशीत, तर तिसरी सड्यापलीकडे, अशी रचना सर्वत्र आढळते. कागदोपत्री गावात रास्त भाव धान्य दुकान आहे असे नमूद असते आणि ते खरेही असते. परंतु ते एका वाडीत असते. उरलेल्या वाड्यांच्या दृष्टीने ते दुकान दुसऱ्या गावात असल्यासारखेच असते. गावाची सरासरी काढली की वाडीची अडचण त्या सरासरीत बुडून जाते.

किनाऱ्यावर या रचनेस पाण्याची जोड मिळते. मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधील चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर वसले आहे. नदीच्या पैलतीरावरील भोगवे डोळ्यांना दिसते, पण ते वेंगुर्ला तालुक्यात मोडते. होडीने काही मिनिटांचे हे अंतर रस्त्याने मोठ्या वळशाचे होते. कालावलच्या खाडीतील खोतजुवा, पाणखोल यांसारख्या बेटांवरील वस्त्यांचा बाजाराशी संबंध तर पिढ्यान्‌पिढ्या होडीवरच अवलंबून राहिला. नकाशावर सरळ रेघ मारून काढलेले अंतर अशा ठिकाणी फसवे ठरते. पावसाळ्यात वहाळाला पाणी आले आणि साकव पाण्याखाली गेला की एक किलोमीटरचे पाच किलोमीटर होतात.

बेगमीची परंपरा आणि तिचा ऱ्हास

या अडचणीवर पूर्वजांनी उपाय शोधलेला होता. तो म्हणजे पावसाळी बेगमी. मृगाच्या आधी भात कणगीत, कुळीथ व वाल मडक्यांत, कांद्याच्या माळा आढ्याला, सुकी मासळी, कोकमाची सोले, फणसाच्या आठळ्या, मीठ आणि कोरडे सरपण अशी चार महिन्यांची तरतूद घरोघरी होत असे. परड्यात अळू, भेंडी, पडवळ, दोडके व लाल माठ असे. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या उगवत. सिंधुदुर्ग किल्ल्याचे उदाहरणही या संदर्भात बोलके आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी उभारलेल्या या जलदुर्गात खाऱ्या पाण्याच्या मध्यभागी दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्याशी होडीने होणारी ये-जा बंद पडते, हे गृहीत धरूनच तेथील जीवन चालत आले.

ही व्यवस्था आज खिळखिळी झाली आहे. त्याची कारणे अनेक आहेत. भातशेतीस माणूस मिळत नाही, म्हणून शेते पड राहतात. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि डोंगरउतारांवर आंबा व काजू उभे राहिले. त्यातून अनेक कुटुंबांच्या हाती पैसा आला, ही मोठीच जमेची बाजू होय. परंतु कलमांच्या बागेतून वर्षाचे धान्य व डाळ येत नाही; ती विकत आणावी लागते. परड्यातील भाजीस माकडांचा व वानरांचा उपद्रव वाढल्याने अनेकांनी ती करणेच सोडले. अशा रीतीने घरचे अन्न कमी झाले आणि दुकानावरील अवलंबन वाढले; दुकान मात्र जवळ आले नाही.

त्यातच लोकसंख्येची रचना बदलली आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथे ती घटली. कर्ती माणसे मुंबईस, गोव्यास व अन्यत्र गेली. घरी वृद्ध आईवडील राहिले. हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया असलेला हा जिल्हा आहे, यामागेही हेच स्थलांतर आहे. चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येतात, तेव्हा वाडी भरते. एरवी बाजाराचे ओझे सत्तरीच्या माणसाने वाहावे लागते.

ताटाचा हिशेब

शिधावाटपाचे धान्य मिळते, मग अडचण कोठे आहे, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर आकड्यांतच शोधले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार, २,००० उष्मांकांच्या आहारासाठी प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या ताटात तृणधान्ये सुमारे २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये अथवा अंडी-मासे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असावे.

प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. म्हणजे रोजचे सुमारे १६७ ग्रॅम. तृणधान्याच्या गरजेचा दोन-तृतीयांश भाग यातून भागतो. ही मदत लहान नाही. तीमुळे चूल पेटण्याची हमी मिळते. परंतु डाळ, भाजी, फळ व दूध यांचा या धान्यात समावेश नाही. चार प्रौढांच्या कुटुंबास वरील हिशेबाने रोज १ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे आठवड्यास ११ किलोहून अधिक भाजी लागेल. एवढी भाजी आठवडा बाजारातून एका खेपेत आणणे वृद्ध माणसास झेपणारे नाही. आणली तरी पालेभाजी दमट हवेत दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे बाजाराच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी भाजी, आणि पुढे आठवडाभर बटाटा, कांदा किंवा कुळथाची पिठी असे ताट तयार होते. किनाऱ्यावर मासळीने ही उणीव काही अंशी भरून निघते. पण जून व जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, आणि वाट बिकट होण्याचे महिनेही तेच.

वाटखर्चाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. समजा, एखादी वाडी दुकानापासून चार किलोमीटरवर आहे आणि चौघांच्या कुटुंबाचे २० किलो धान्य आणण्यासाठी रिक्षाला जाऊन-येऊन २०० रुपये पडतात. म्हणजे किलोमागे १० रुपये झाले. यंत्र बंद असल्याने दुसरी खेप करावी लागली, तर २० रुपये झाले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाखाली तांदळाचा दर २०२२ अखेरपर्यंत किलोस ३ रुपये होता आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळू लागले. शासनाने ३ रुपयांची सवलत दिली, पण वाटेने १० रुपये घेतले, असे या कुटुंबाच्या बाबतीत म्हणावे लागेल. बुडालेली मजुरी यात धरलेली नाही.

कायदा काय सांगतो

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याची अंमलबजावणी महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. या अधिनियमाखाली अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. अंतराच्या प्रश्नाबाबत हा कायदा मुका नाही. दुर्गम, डोंगराळ व पोचण्यास अवघड भागांतील दुर्बल घटकांच्या गरजांकडे केंद्र शासन, राज्य शासन व स्थानिक संस्था यांनी विशेष लक्ष द्यावे, असे कलम ३० मध्ये नमूद आहे. येथे स्थानिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

केंद्र शासनाच्या २०१५ च्या सार्वजनिक वितरण नियंत्रण आदेशातही, दुकान अशा जागी असावे की तेथे पोचण्यास शिधापत्रिकाधारकास अडचण पडू नये आणि डोंगराळ, वाळवंटी, आदिवासी व तत्सम अवघड भाग त्यातून सुटू नयेत, असे तत्त्व घालून दिलेले आहे. गोदामातून दुकानाच्या दारापर्यंत धान्य पोचविण्याची जबाबदारी राज्य शासनाची आहे आणि महाराष्ट्रात ती द्वारपोच योजनेद्वारे पार पाडली जाते. अर्थात हे दार दुकानाचे आहे, ग्राहकाचे नव्हे. दुकानाच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा टप्पा अद्याप कोणाच्याच हिशेबात नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

ओळख पटविण्याच्या यंत्रामुळे पारदर्शकता वाढली, हे मान्य केले पाहिजे. मात्र आयुष्यभर नांगर, कोयता व जाळे ओढलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. डोंगराआड दूरध्वनीची लहर पोचत नाही आणि वादळात वीज जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील वीजपुरवठा विस्कळीत केला, तेव्हा यंत्रावर विसंबलेल्या साऱ्याच व्यवस्थांची कसोटी लागली. आधार क्रमांकाच्या किंवा ठशाच्या अडचणीमुळे पात्र व्यक्तीस धान्य नाकारले जाऊ नये, अशा सूचना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्येच दिलेल्या आहेत. ही माहिती ज्या वृद्धेस रिकाम्या पिशवीने परत जावे लागते, तिच्यापर्यंत पोचली पाहिजे. हक्काचे धान्य न मिळाल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व राज्य अन्न आयोग यांच्याकडे दाद मागता येते, हेही ग्रामसभेत वारंवार सांगितले जावे.

लहान वाडीत दुकान का टिकत नाही

दुकान वाडीत यावे ही मागणी रास्त आहे. तथापि दुकानदाराची बाजूही समजून घेणे आवश्यक आहे. रास्त भाव दुकानदारास क्विंटलमागे ठराविक कमिशन मिळते. समजा, ते १५० रुपये आहे आणि वाडीत ३०० लाभार्थी आहेत. दरमहा १५ क्विंटल धान्य वाटले जाईल आणि कमिशन २,२५० रुपये होईल. त्यातून जागेचे भाडे, वीज, मदतनीसाची मजुरी व स्वतःचा चरितार्थ भागणे शक्य नाही. खाजगी किराणा दुकानाचेही तसेच आहे. गिऱ्हाईक थोडे म्हणून माल थोडा, माल थोडा म्हणून भाव चढा, भाव चढा म्हणून गिऱ्हाईक तालुक्याच्या पेठेत जाते. आणि ज्यास जाता येत नाही, असा वृद्ध किंवा गरीब माणूसच तेवढा वाडीतल्या चढ्या भावाचा धनी होतो.

या चक्रातून सुटण्याचा मार्ग दुकानाचे काम व्यापक करण्यात आहे. रास्त भाव दुकानातून इतर वस्तू विकण्यास मुभा आहे. दुकानांचे परवाने देताना ग्रामपंचायती, स्वयंसहाय्यता गट व सहकारी संस्था यांना प्राधान्य देण्याचे धोरण अधिनियमात नमूद आहे. महिला बचत गटाने धान्याबरोबर डाळ, तेल, अंडी व गावातीलच भाजी ठेवली, तर वाडीतील दुकान तग धरू शकेल.

फिरता व्यापार व एस. टी.

अन्नाच्या पोचीचा विचार करताना केवळ पक्क्या दुकानांची गणती करणे अपुरे ठरते. डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीत मासळी विकणाऱ्या स्त्रिया, सकाळी सायकलवरून येणारा पाववाला, आठवड्यातून एक-दोनदा भाजीचा टेंपो घेऊन फिरणारा विक्रेता हे सारे या व्यवस्थेचे आधारस्तंभ आहेत. दुकानाच्या नकाशात ते दिसत नाहीत. परंतु ते येईनासे झाले तर वाडीस तत्काळ जाणवते. आठवडा बाजाराचेही तसेच आहे. प्रत्येक पेठेचा वार ठरलेला असतो, त्यामुळे विक्रेते आज एका पेठेत तर उद्या दुसऱ्या पेठेत बसतात आणि लहान गावासही आठवड्यातून एक दिवस मोठी पेठ लाभते.

या सर्वांस जोडणारा धागा म्हणजे एस. टी. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास या सवलतींनी बाजाराची वाट स्वस्त झाली. पण सवलतीचा लाभ गाडी असेल तेथेच मिळतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपात खेडोपाडीच्या जनतेस याचा प्रत्यय आला. म्हणून गाडीचे वेळापत्रक व बाजाराचा वार यांचा मेळ बसविणे हेदेखील अन्नसुरक्षेचेच काम होय.

अन्यत्र झालेले प्रयत्न

तमिळनाडूत मुख्य दुकानास जोडून, आठवड्यातील ठराविक दिवशी उघडणारी अर्धवेळ रास्त भाव दुकाने चालविली जातात. पूर्णवेळ दुकानाचा खर्च न पेलणाऱ्या वस्तीस त्यामुळे दाराशी धान्य मिळते. केरळने १९७४ मध्ये नागरी पुरवठा महामंडळ स्थापन करून किराणा मालाच्या रास्त दराच्या दुकानांचे जाळे उभारले. आपल्या राज्यातही उदाहरणे आहेत. मुंबईत १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेला अपना बाजार आणि घाटापलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात १९७० च्या दशकात सहकारी तत्त्वावर उभा राहिलेला वारणा बाजार यांनी, ग्राहक एकत्र आले तर दुकान त्यांच्या सोयीने चालू शकते, हे दाखवून दिले.

२०२५ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर जून, जुलै व ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य आगाऊ देण्याचा निर्णय झाला. ही जुन्या बेगमीचीच नवी आवृत्ती म्हणता येईल. तीन खेपांऐवजी एकच खेप करावी लागल्याने दूरच्या वाड्यांस हा उपाय विशेष उपकारक आहे. मात्र चौघांच्या घरात ६० किलो धान्य एकदम येते. दमट हवेत त्यास कीड व बुरशी लागू नये म्हणून उन्हात वाळविणे, घट्ट झाकणाचे पिंप वापरणे आणि ते जमिनीपासून उंचावर ठेवणे याविषयीचे मार्गदर्शन धान्याबरोबरच पोचले पाहिजे.

गावाने करावयाचा अभ्यास

आपल्या गावात ही समस्या आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थी, शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य मिळून तो अभ्यास पंधरवड्यात पूर्ण करू शकतील. त्याची पद्धत पुढीलप्रमाणे असावी.

पहिली पायरी नकाशाची. गावाच्या नकाशावर प्रत्येक वाडी, रास्त भाव दुकान, किराणा दुकान, दूध संकलन केंद्र, एस. टी. थांबा, साकव व होडीचा धक्का दाखवावा. फिरते विक्रेते कोणत्या वारी कोणत्या वाडीत येतात, हेही त्यावर नोंदवावे.

दुसरी पायरी वेळेची. प्रत्येक वाडीपासून दुकानापर्यंत चालत जाऊन मिनिटे मोजावीत. तरुणाच्या नव्हे, तर वृद्धाच्या चालीने ती मोजावीत आणि परतीची वाट ओझ्यासह मोजावी. हीच मोजणी एकदा मे महिन्यात व एकदा जुलै महिन्यात करावी. दोन्हींतील फरक हाच पावसाळी अडचणीचा आकडा होय.

तिसरी पायरी किमतीची. डाळ, तेल, साखर, कांदा, बटाटा, अंडी व एक पालेभाजी यांचे एकाच दिवसाचे भाव वाडीतील दुकानात व तालुक्याच्या पेठेत विचारून लिहावेत. विद्यार्थ्यांना टक्केवारी व सरासरी शिकविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

चौथी पायरी माणसांची. एकट्या राहणाऱ्या वृद्ध व अपंग व्यक्ती किती, त्यांचे धान्य कोण आणून देतो, मागील तीन महिन्यांत कोणास धान्याविना परतावे लागले, याची नोंद करावी. ही यादी चारचौघांत वाचून दाखविण्याची नाही. ती मदतीसाठी आहे, याचे भान ठेवावे.

हा अभ्यास १ मे रोजीच्या ग्रामसभेपूर्वी पूर्ण व्हावा. पावसाला तेव्हा महिनाभराचा अवधी असतो. त्या सभेत दूरच्या वाड्यांसाठी महिन्यातील एक दिवस वाडीतच धान्यवाटप ठेवणे, वृद्धांचे धान्य पोचविण्याची जबाबदारी बचत गटाकडे देणे, फिरत्या विक्रेत्यांना बसण्यास छपराची जागा देणे, नादुरुस्त साकवांची डागडुजी पावसापूर्वी उरकणे असे निर्णय घेता येतील. यांपैकी वाडीतील वाटपासाठी तहसीलदार व पुरवठा शाखेची संमती लागेल. उरलेली बरीच कामे गावाच्या आवाक्यातील आहेत. दुकानपातळीवरील दक्षता समितीने दुकान किती दिवस उघडे होते, यंत्र किती दिवस बंद होते आणि किती लोक परत गेले, हे तीन आकडे दरमहा नोंदविले तरी वरिष्ठ अधिकाऱ्यांस निर्णय घेण्यास भक्कम आधार मिळेल.

परसबागेकडेही नव्याने पाहिले पाहिजे. शाळा व अंगणवाड्यांच्या आवारात शेवगा, अळू, लाल माठ व वेलभाज्या लावल्या आणि माकडांपासून बचावासाठी जाळीचा सामुदायिक खर्च केला, तर रोजच्या भाजीचा काही भाग घाटावरून येण्याची गरज राहणार नाही.

दुकान गावात आहे किंवा नाही, हा प्रश्न आजवर कागदावर विचारला गेला आणि त्याचे उत्तर बहुधा होकारार्थी मिळाले. यापुढे तो वाडीच्या शेवटच्या घरातून विचारला जावा. त्या घरातील एकट्या वृद्धेस जुलै महिन्यात, मुसळधार पावसात, हक्काचे पाच किलो धान्य आणि आठवड्यातून दोनदा ताजी भाजी कोणावर ओझे न होता मिळू शकते काय? ज्या गावास याचे उत्तर होय असे देता येईल, त्या गावात अन्नसुरक्षेचा कायदा खऱ्या अर्थाने पोचला असे समजावयास हरकत नाही.